पॉपकॉर्न : दाण्यातील ओल, भांड्यातील वाफ

चित्रपटाच्या मध्यंतरात दरवळणारा पॉपकॉर्नचा वास अमरावती-अकोल्यातील प्रेक्षकांच्या चांगलाच परिचयाचा आहे. तोच पदार्थ घरी करायला घेतला की मात्र अनेकदा निराशा पदरी पडते. पुष्कळसे दाणे न फुटता तळाशी राहतात, काही करपतात आणि फुललेल्या लाह्या थोड्याच वेळात चिवट होतात. दोष बहुधा मक्याला किंवा शेगडीला दिला जातो. वास्तविक हा सारा खेळ पाण्याचा आहे. फुटेपर्यंत ते दाण्याच्या आत टिकले पाहिजे आणि फुटल्यावर वाफ होऊन भांड्याबाहेर गेले पाहिजे.

ज्वारीच्या लाह्यांचा धडा

ज्वारी हे वऱ्हाडचे पारंपरिक पीक. नागपंचमीला घरोघरी ज्वारीच्या लाह्या फोडण्याची रीत जुनी आहे. त्यासाठी ज्वारी काही वेळ गरम पाण्यात ठेवून निथळतात, फडक्यात बांधून रात्रभर मुरवतात आणि वरवर कोरडी झाल्यावर खूप तापलेल्या कढईत मूठमूठ टाकून फडक्याच्या बोळ्याने सतत हलवतात. दाण्याला ओल देणे, भांडे कडक तापवणे आणि दाणा एका जागी थांबू न देणे, हे तिन्ही नियम मक्यालाही लागू पडतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी विकसित केलेल्या ज्वारीच्या वाणाला ‘फुले पंचमी’ असेच नाव आहे.

दाणा का फुटतो?

प्रत्येक मका फुटत नाही. पॉपकॉर्नचा मका हा वेगळा प्रकार असून त्याचे कवच कठीण व घट्ट असते. दाण्यात सुमारे १४ टक्के ओलावा असतो. उष्णतेने त्याची वाफ होते, परंतु कवच तिला कोंडून धरते. तापमान सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले की आतील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे नऊपट होतो, कवच फाटते आणि मऊ झालेला पिठूळ भाग फेसासारखा फुलून क्षणात थिजतो. दाणा कोरडा असेल किंवा कवचाला चीर गेली असेल, तर पुरेसा दाब तयारच होत नाही. असे न फुटलेले दाणे म्हणजेच गणंग.

उन्हाळ्यात वऱ्हाडात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा अतिशय कोरडी असते. उघड्या पुडीतील मका त्या हवेत आपली ओल गमावतो. म्हणून तो घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर ठेवावा. फ्रिजमध्ये तो आणखी सुकण्याची शक्यता असते. मका सुकलाच, तर अर्धा ते पाऊण किलो दाण्यांवर एक मोठा चमचा पाणी शिंपडून बरणी बंद करावी आणि दोन ते चार दिवस अधूनमधून हलवत राहावी. दाणे पुन्हा फुटू लागतात.

भांडे आणि कृती

शिकागो येथे १८९३ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात चार्ल्स क्रेटर्स यांनी तेलात लाह्या फोडणारे वाफेवरचे यंत्र मांडले. चित्रपटगृहांतील यंत्रे त्याच परंपरेतील आहेत. भडभुंज्याच्या भट्टीत तापलेली वाळू जे काम करते, तेच येथे तेल करते. ते दाण्याला सर्व बाजूंनी सारखी उष्णता देते.

घरगुती वापरासाठी मिळणारे पॉपकॉर्नचे भांडे हे पातळ पत्र्याचे, उंच पातेले असते. त्याच्या झाकणातून हाताने फिरवायचा दांडा खाली उतरतो आणि तळाशी बसवलेली तार दाणे हलवत राहते. झाकणाला वाफ जाण्यासाठी छिद्रे असतात. असे भांडे नसल्यास पाच-सहा लिटरचे जाड बुडाचे पातेले चालते. मात्र ते वरचेवर हलवावे आणि झाकण किंचित कलते ठेवावे. कोंडलेली वाफच लाह्यांना चिवट करते. कुकर वापरायचा असेल, तर झाकण कधीही घट्ट लावू नये. शिटी व रबरी कडे काढून ते नुसते वर टेकवावे.

अर्धी वाटी, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम मक्याला तीन मोठे चमचे तेल पुरते. मध्यम आचेवर तेल तापवून त्यात तीन-चार दाणे टाकावेत. ते फुटले की उरलेला मका घालून झाकण ठेवावे आणि दांडा सतत फिरवावा. तीनेक मिनिटांत तडतड ओसरू लागते. दोन फुटण्यांमध्ये दोन सेकंदांचे अंतर पडू लागले की भांडे लगेच उतरवून लाह्या पसरट परातीत ओताव्यात. शेवटचा दाणा फुटण्याची वाट पाहिली, तर आधी फुललेल्या लाह्या करपतात.

चव आणि काळजी

चित्रपटगृहातील खास चवीमागे बहुधा खोबरेल तेल आणि लोण्याच्या स्वादाचे पिवळे, अतिशय बारीक मीठ असते. वऱ्हाडात खोबरेल डोक्याला लावायचे, ही समजूत पक्की असल्याने खाण्यायोग्य शुद्ध तेल पाहूनच घ्यावे. त्यात सुमारे ९० टक्के संपृक्त मेद असल्याने ते रोज वापरू नये. रिफाइंड शेंगदाणा किंवा सरकीचे तेलही चांगले चालते. लोणी तेलाच्या जागी वापरल्यास जळते, म्हणून ते वितळवून शेवटी वरून घालावे. जाडे मीठ लाह्यांना चिकटत नाही, तळाशी बसते. ते मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करावे. पिवळ्या रंगासाठी तेलात चिमूटभर हळद पुरेशी होते.

चार वर्षांखालील मुलांना लाह्या देऊ नयेत. दाणा किंवा कवच श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. घरच्या लाह्या सोबत नेण्याचा बेत असल्यास हेही लक्षात ठेवावे, की चित्रपटगृहे बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई करू शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला आहे.

घरच्या पडद्यासमोर मात्र ही अडचण नाही. तिथे तळाशी मूठभर गणंग राहिलेच, तर शेगडीला बोल लावण्याआधी मक्याच्या बरणीचे झाकण तपासावे.