खिडकीतला रेडिओ

‘रेडिओ खिडकीत ठेव, म्हणजे नीट लागेल,’ हे वाक्य एकेकाळी घरोघर ऐकू येई. बातम्यांची वेळ झाली, की कोनाड्यातला ट्रान्झिस्टर उचलून खिडकीत ठेवला जाई. तावदान बंद असले तरी आवाज खणखणीत येई. खिडकीत असे काय होते?

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याची शक्ती होती अवघी दीड किलोवॉट. आपले मुक्ताईनगर, म्हणजे तेव्हाचे एदलाबाद, तिथून चारशेहून अधिक किलोमीटरवर. इतक्या दूरच्या क्षीण लहरी पकडायच्या, तर घराबाहेर उंचावर एरियल लागे. दोन बांबू, त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची लांब तार आणि तिथून खिडकीवाटे रेडिओपर्यंत आणलेली दुसरी तार. व्हॉल्व्हच्या रेडिओबरोबर हा सगळा संसार आला.

या तारेला भय होते ते विजेचे. तापीकाठी मेहूण येथे १२९७ साली वीज कडाडली आणि संत मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, असे वारकरी परंपरा सांगते. त्या विजेतूनही रेडिओलहरी निघतात. रशियात पोपॉव यांनी १८९५ मध्ये केलेले यंत्र दूरच्या विजांची चाहूल टिपत असे. वळवाच्या पावसाआधी रेडिओत जी कडकड ऐकू येते, ती हीच. पण वीज थेट एरियलवर पडली, तर तारेवाटे घरात शिरणार. म्हणून आभाळ भरून आले, की तार रेडिओपासून सोडवून जमिनीला जोडायची, असा दंडक होता. विसरले तर जिवाशी गाठ.

हे भय दोन गोष्टींनी सरले. ट्रान्झिस्टर आला आणि त्याच्या पोटात फेराइटची बोटभर जाड कांडी आली. तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार हेच मध्यम लहरींचे एरियल. दुसरी गोष्ट, १९७६ मध्ये जळगावला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. चारशे किलोमीटरचे अंतर साठेकांवर आले. बाजारभाव, हवामान, शेतीचा सल्ला जवळून येऊ लागला आणि बांबूची गरज उरली नाही.

या कांडीची एक खोड आहे. तिचे टोक केंद्राकडे झाले, की आवाज खोल जातो. ती आडवी झाली, की उघडतो. शास्त्र न शिकताही लोक रेडिओ फिरवून नेमकी दिशा साधत.

आता खिडकीचे कोडे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. कोरडी माती, लाकूड, काच यांतून लहरी सहज जातात. त्यामुळे खानदेशातल्या धाब्याच्या मातीच्या घरात रेडिओ कुठेही ठेवला तरी लागे. लहरींना अडवतो तो धातू. जळगाव केंद्राच्या ९६३ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी तीनशे मीटरहून अधिक. अशी लहर पत्र्याच्या खोलीत फारशी शिरत नाही. दारा-खिडकीच्या तोंडाशी तेवढी पोचते. एसटीत किंवा रेल्वेच्या डब्यात रेडिओ खिडकीला धरावा लागे, तो याचमुळे. म्हणजे गुण काचेचा नव्हता. तिथे पत्रा नव्हता, एवढेच.

आज रेडिओच्या जागी मोबाइल घेऊन लोक खिडकीशी उभे राहतात. त्याच्या लहरी फार तर हातभर लांबीच्या, त्यामुळे गजांच्या फटीतून आत येतात. मात्र शहरातल्या नव्या इमारतींत ऊन परतवणाऱ्या काचा असतात. त्यांवर धातूचा अतिशय पातळ थर असतो आणि तो लहरींनाही परतवतो. तिथे खिडकी बंद करून चालत नाही, उघडावीच लागते. घर बांधताना आपण वारा-उजेडाचा विचार करतो. संकटाच्या वेळी मदत ज्या लहरींवरून मागायची, त्यांच्या वाटेचाही विचार आता करायला हवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)