भाता, पुठ्ठा आणि विमान

सोलापूर म्हटले की लोकांना चादर आठवते, शेंगाचटणी आठवते, गड्ड्याची जत्रा आठवते. विमान कुणालाच आठवत नाही. त्यात चूक काही नाही. होटगी रस्त्याच्या विमानतळावरून गोव्याला विमान सुटायला २०२५ चा जून उजाडावा लागला, आणि त्याआधी २०२३ मध्ये वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडावी लागली. पण मंडळी, विमान आणि आपले गाव यांचा संबंध त्याहून बराच जुना आहे. इथे सात रस्त्यावरच्या माझ्या खोलीत संगणकावर जी लढाऊ विमाने मी वीसेक वर्षे उडवतो आहे, त्यांच्याशीही तो कुठेतरी जुळतो. आज तेच लिहायचे आहे.

निमित्त आहे आमची भाची. अकरावीत आहे, विज्ञान शाखा. तिला एनडीएत जायचे आहे, वायुदलात. तोवर घरी सिम्युलेटर हवा, म्हणून तिने वडिलांपुढे एक भली मोठी यादी ठेवली. दाजींचे म्हणणे, "खेळण्यासाठी एवढे पैसे?" आणि दोघांनीही निवाडा मामावर सोपवला. मामाचे उत्तर थोडे लांबचे आहे, म्हणून इथेच लिहितो. दोघेही वाचतीलच.

आधी भात्याची गोष्ट. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. आपल्या पेटीला असतो तसाच भाता, हवेच्या नळ्या, झडपा, हे सगळे त्याच्या हाताखालचे. त्याला विमान शिकायचे होते, पण शिकवणीचा खर्च फार. मग १९२९ च्या सुमारास त्याने ऑर्गनच्याच भात्यांवर एक लाकडी डबा बसवला. दांडा हलवला की भात्यात हवा कमीजास्त होई आणि डबा कलंडे, वळे. सुरुवातीला हे जत्रेतले खेळणे म्हणूनच खपले. दाजींचा 'खेळणे' हा शब्द म्हणजे तसा ऐतिहासिकच म्हणायचा!

मग १९३४ साल आले. अमेरिकेत टपाल नेण्याचे काम अचानक लष्करी वैमानिकांवर आले. धुक्यात, रात्री, केवळ उपकरणांकडे पाहून उडायची त्यांना सवय नव्हती. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक मेले. तेव्हा लष्कराने लिंकचे सहा डबे विकत घेतले. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या डब्यात बसून शिकले. सिम्युलेटर आला तो हौसेसाठी नव्हे, माणसे मरत होती म्हणून. हे विसरू नये.

आता पुठ्ठा. आपल्या पूर्व भागात जॅकार्ड मागावर चादर विणताना भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लावत, ती अनेकांनी पाहिली असेल. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तो धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. फ्रान्समधल्या जोसेफ जॅकार्डने १८०४-०५ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात तीच घेतली, आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथने भोकांच्या पत्त्यांवर माणसे मोजली. संगणकाचे 'आहे' आणि 'नाही' असे मागावरून आले आहे.

भाता आणि पुठ्ठा पुढे एका ठिकाणी भेटले. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाने एमआयटीला सांगितले की कोणत्याही विमानासारखा वागू शकेल असा सिम्युलेटर करा. जे फॉरेस्टर यांच्या लक्षात आले की यंत्राला प्रत्येक क्षणाचे गणित त्या क्षणातच सोडवावे लागेल. त्यातून 'व्हर्लविंड' हा संगणक झाला. विमानाचा डबा मधेच बाजूला पडला, संगणक मात्र राहिला, आणि १९५३ मध्ये त्याच्यासाठीच चुंबकीय कड्यांची स्मृती वापरात आली. म्हणजे आज आपण दुकानात जाऊन 'रॅम द्या' म्हणतो, तिची एक पणजी विमानाच्या नकलेसाठी जन्मली आहे. घरगुती संगणकावर विमान आणले ते ब्रूस आर्टविक यांनी. ॲपल-२ वरच्या त्यांच्या पहिल्या कार्यक्रमातही पहिल्या महायुद्धातली एक छोटी हवाई लढाई होतीच!

आणि आता सोलापूर. वालचंद हिराचंद यांचा जन्म इथला, १८८२ चा. जहाजे, साखर, मोटारी हे सगळ्यांना ठाऊक असते. पण १९३९ मध्ये पॅसिफिकवरच्या विमानप्रवासात त्यांना विल्यम पॉली नावाचा अमेरिकी गृहस्थ भेटला, जो चीनमध्ये विमाने जुळवण्याचा कारखाना चालवत होता. वालचंदांच्या डोक्यात चक्र फिरले. म्हैसूर संस्थानाने साथ दिली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' स्थापन झाली. १९४१ मध्ये तिथून हार्लो हे शिकाऊ विमान उडाले, १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमान. पण जपान दारात आला होता. १९४२ च्या एप्रिलमध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी कारखाना विमानदुरुस्तीसाठी अमेरिकी वायुदलाच्या हाती गेला. आजची एचएएल ती हीच. सोलापूरच्या माणसाचे स्वप्न जेमतेम सव्वा वर्षात त्याच्या हातून गेले, पण कारखाना उभा राहिला.

त्या हॉकचे भावंड 'इल-२' या खेळाच्या मालिकेत आहे. मी ते भारनियमनाच्या वर्षांत पेंटियम-४ वर उडवत असे. बर्मा आघाडीवर ब्रिटिशांनी हेच विमान 'मोहॉक' नावाने वापरले. समोर जपानी 'ऑस्कर', हलके आणि वळणात भारी चपळ. त्याच्याशी वळणात भिडायचे नाही, वरून सूर मारायचा, एक झड घालायची आणि निघून जायचे. हे पुस्तकात वाचून पटत नाही, चारदा पडल्यावर पटते.

तर भाचीबाई, यादीकडे वळू.

पहिले पैसे दांड्यावर, म्हणजे जॉयस्टिकवर. स्वस्त दांड्यात आत घासणारे पोटेन्शिओमीटर असतात. आपल्याकडची धूळ बसली आणि घासून झिजले की विमान आपोआप थरथरायला लागते. हॉल सेन्सरवाला घे. त्यात चुंबक असतो, घासणे नाही. पायातले रडर पेडल नंतर घेतले तरी चालेल.

दुसरे, वीज. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. मोठे ग्राफिक्स कार्ड लावले तर तो टिकणार नाही. एसएमपीएस चांगल्या प्रतीचा घे, तिथे काटकसर नको. उन्हाळ्यात आपला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा डब्याच्या पंख्यांना हवा मिळू दे आणि महिन्यातून एकदा धूळ काढ.

तिसरे, एसएसडी आणि ३२ जीबी रॅम. 'डीसीएस' सारख्या आजच्या सिम्युलेटरला नकाशे सतत वाचावे लागतात. साध्या हार्ड डिस्कवर विमान मधेच अडखळते.

चौथे, प्रोसेसर. सगळे ग्राफिक्स कार्डामागे धावतात, पण आकाशातल्या प्रत्येक विमानाचे गणित प्रोसेसर करतो. पुन्हा पुन्हा तीच माहिती लागते, म्हणून जवळची कॅश मोठी असेल तर फार फरक पडतो. २०२२ मध्ये आलेला रायझन ५८००एक्स-थ्रीडी सिम्युलेटरवाल्यांना आवडला तो त्याच्या ९६ एमबी कॅशमुळे. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी. कधी साठ, कधी वीस अशा चित्रांपेक्षा सेकंदाला ठाम चाळीस बरी.

आता उडण्याविषयी. एकच विमान निवड. पहिला महिना बंदुकीला हात लावू नकोस. उड्डाण, एक फेरी, उतरणे, एवढेच. ट्रिम करायला शिक, म्हणजे दांडा सोडला तरी विमान सरळ जाते आणि डोके बाहेर पाहायला मोकळे राहते. बाहेर पाहणे हेच अर्धे युद्ध आहे, कारण बहुतेकांना मारणारा दिसलेलाच नसतो.

उंची म्हणजे कणगीतली ज्वारी समज. सूर मारलास की ज्वारी विकून वेग घेतलास. वर चढलीस की वेग देऊन ज्वारी भरलीस. पण करकचून वळलीस की धान्य नुसते सांडते, परत मिळत नाही. उंची राखून साठ अंश कलंडून वळताना विमानावर दुप्पट भार येतो आणि ज्या वेगाखाली ते कोसळते तो वेग १०० चा १४१ होतो. हा आकडा बारावीच्या भौतिकशास्त्रात स्वतः काढून बघ. वायुदलासाठी भौतिक आणि गणित लागतेच, तेव्हा अभ्यास बुडाला असे दाजींना म्हणता येणार नाही.

निवाडा असा. डीसीएस फुकट मिळतो, सोबत सुखोई-२५टी आणि निःशस्त्र मस्टँगही. घरातल्या संगणकावर रॅम आणि एसएसडी वाढवा, एक बरा दांडा घ्या, बाकी यादी सहा महिने बाजूला. सहा महिन्यांनीही ती रोज फेरी मारून नीट उतरत असेल, तर पुढचे अर्धे पैसे मामाचे.

आणि दाजी, एनडीएत मुली २०२२ पासून जातात, पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात बाहेरही पडली. पोरीने पडायचेच असेल तर ते इथे पडू द्या, शंभरदा. त्या लाकडी डब्याचा उपयोग तोच होता.