अकलेचे तारे

शुक्रवारचा पहिला खेळ सुटायचा अवकाश, दुपारी चारच्या आत सिनेमाला तारे मिळालेले असतात. कुणी साडेतीन देतो, कुणी दीड. कुणी ‘पहिला हाफ कडक, दुसऱ्यात ढेपाळला’ एवढे लिहून मोकळा होतो. त्यावर सुशिक्षित मंडळींचा ठरलेला उसासा येतो: ज्यांना दिग्दर्शन कशाशी खातात ते ठाऊक नाही त्यांनी अकलेचे तारे तोडावेत आणि ते मोजून बाकीच्यांनी तिकीट काढावे, काय ही रसिकतेची अधोगती! हे मत इतके रुळले आहे की तारे देणारेसुद्धा ओशाळून ‘मी काही समीक्षक नाही, पण’ अशीच सुरुवात करतात. मला हे मत मुळातूनच चुकीचे वाटते.

पूर्वपक्ष मात्र नीट मांडायला हवा, कारण तो अगदीच पोकळ नाही. त्याचे पहिले म्हणणे अधिकाराचे. काव्याचा आस्वाद सहृदयाने घ्यावा, ज्याला त्याने नव्हे. दुसरे म्हणणे घाईचे. चांगली कलाकृती मनात मुरावी लागते, आणि इथे तर श्रेयनामावली संपायच्या आत निकाल लागतो. या दुसऱ्या मुद्द्यावर विद्वानांना निर्मात्यांची अनपेक्षित साथ मिळाली आहे. केरळ उच्च न्यायालयापुढे २०२३ साली हा वाद गेला आणि २०२४ मध्ये न्यायमित्राने दिलेल्या अहवालात, प्रदर्शनानंतर ४८ तास व्हिडिओ समीक्षा करणाऱ्यांनी थांबावे, अशी सूचना आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तमिळ निर्मात्यांची एक संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली. तिची मागणी होती, पहिले तीन दिवस समीक्षाच नको. न्यायालयाने तसा अंतरिम आदेश दिला नाही, हे बरे झाले. तिसरे म्हणणे आकड्याचे: कलेला गुण देता येतात का? या तिसऱ्यात तथ्य आहे, पण पूर्वपक्षाला वाटते त्या ठिकाणी नाही. त्याकडे नंतर येतो.

आधी अधिकार. आपल्या परंपरेचा दाखला नेहमी याच बाजूने दिला जातो, म्हणून परंपराच उघडून पाहू. भरताच्या नाट्यशास्त्राच्या २७व्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे. सिद्धी दोन प्रकारची, दैवी आणि मानुषी. दैवी सिद्धीत प्रेक्षागार भरलेले असते आणि आवाज नसतो. गंभीर सिनेमावाल्यांना ती आवडेल. पण भरताने मानुषी सिद्धी गाळलेली नाही. उलट तिची नोंद तो बारकाईने करतो: स्मित, अर्धे हसू, मोठे हसू, ‘साधु’, ‘अहो’ असे उद्गार, अंगावर काटा येणे, जागेवरून उठणे, वस्त्रे आणि अंगठ्या फेकणे. तमाशातली दौलतजादा आणि संगीत नाटकातला वन्समोअर याच घराण्यातले. पडद्यावर चिल्लर उधळणारा पिटातला प्रेक्षकही त्यांचाच भाऊबंद.

एवढ्यावर भरत थांबत नाही. प्रयोगाचा निवाडा करायला तो प्राश्निक बसवतो, आणि त्यांची यादी पाहून आजच्या कुठल्याही परीक्षक मंडळाला घाम फुटावा. तिथे यज्ञ जाणणारा आहे, नर्तक आहे, छंद जाणणारा आणि व्याकरण जाणणारा आहे. पण धनुर्विद्या जाणणारा आहे, चित्रकार आहे, गायक आहे, राजसेवक आहे आणि वेश्याही आहे. ज्याला जे ठाऊक त्याने त्यापुरते बोलावे. असे का, तर सगळे गुण एका प्रेक्षकात सापडत नाहीत. जाणण्याजोगे अपार आणि आयुष्य थोडे. तरुणांना शृंगार रुचतो, शूरांना युद्ध, वृद्धांना धर्मकथा, हेही तो सांगतो, आणि कुणाची रुची खोटी ठरवत नाही. शिवाय प्रयोगातले दोष लिहून घ्यायला लेखक, मोजायला गणक आणि सरस ठरणाऱ्याला पताका. म्हणजे गुणपत्रिका आपल्याकडे मोबाइलच्या फार आधीपासून होती.

आता संस्कृत काव्यमीमांसक अभिनवगुप्ताचा सहृदय. त्याच्या व्याख्येत मनाचा आरसा स्वच्छ असावा लागतो हे सगळे सांगतात. तो काव्याच्या सततच्या परिशीलनाने स्वच्छ होतो, हा अर्धा भाग मात्र सोयीस्करपणे विसरतात. सहृदय जन्मत नाही, घडतो. चार सिनेमे पाहायचे, त्यांवर बोलायचे, दुसऱ्याने खोडून काढले की चिडायचे आणि मग पुन्हा पाहायचे. हे परिशीलन नाही तर काय? आपल्याकडे फिल्म सोसायट्यांनी वेगळे काय केले? मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी चांगले सिनेमे दाखवले हे खरेच, पण खेळ सुटल्यावर जिन्यात उभे राहून झालेल्या वादांनीही तितकेच प्रेक्षक घडवले असणार.

प्राश्निकांचा न्याय आजच्या तारेवाल्यांना लावून पाहा. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) घ्या. ‘यात काहीच घडत नाही’ म्हणून त्याला एक तारा देणारा प्रेक्षक मला कल्पनेत सहज दिसतो. आणि ‘तारीख पडते, पंखा फिरतो, कुणाला कसली घाई नसते, अगदी असेच असते’ म्हणून पाच तारे देणारा, आयुष्य कनिष्ठ न्यायालयात घालवलेला वकीलही दिसतो. वकिलाला ‘दीर्घ स्थिर चौकट’ वगैरे शब्द येत नसतील, पण त्या चौकटीतला कंटाळा खरा आहे की नाही, हे व्यावसायिक समीक्षकापेक्षा तोच नेमके सांगेल. आणि एकवाला? त्यानेही खरेच सांगितले. ज्याला घटना हव्यात त्याने हा सिनेमा टाळावा. दोघांचे गुण परस्परविरोधी आहेत, दोघांची माहिती नाही.

बरे, तारे ही पद्धत आणली कुणी? शिट्ट्या मारणाऱ्यांनी नाही. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या वृत्तपत्रात आयरीन थायरर या समीक्षिकेने १९२८च्या जुलैत ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ या सिनेमाला तीनपैकी एक तारा दिला. सिनेमाच्या ताऱ्यांची सुरुवात तिथे मानली जाते. म्हणजे हे हत्यार व्यावसायिकांचेच. चाहत्यांच्या हाती पडल्यावर ते एकाएकी असंस्कृत ठरले. जुनी समीक्षा फार संयमी होती, असेही नाही. १९३५ साली सुरू झालेल्या ‘फिल्मइंडिया’त बाबूराव पटेल जे लिहीत ते आज एखाद्या पोराने लिहिले तर ‘ट्रोल’ म्हणून त्याची संभावना होईल. आणि त्या तिखटासाठीच लोक मासिक विकत घेत. खोट्या स्तुतीचे म्हणाल तर सोनी कंपनीच्या जाहिरात विभागाने २००० साली डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षकच कल्पून काढला आणि आपल्या सिनेमांच्या जाहिरातींत त्याची प्रशंसा छापली. ‘न्यूजवीक’ने २००१ मध्ये बिंग फोडले. प्रेक्षक भाबडा असेल, पण असली कारागिरी त्याच्या आवाक्यातली नव्हे.

घाईचा मुद्दा मला सगळ्यात लबाड वाटतो. पहिले तीन दिवस लोकांनी गप्प बसावे, म्हणजे त्या तीन दिवसांत कोण बोलणार? जाहिरात. होर्डिंग, ट्रेलर, नटांच्या मुलाखती, टीव्हीच्या रिअ‍ॅलिटी शोमधल्या हजेऱ्या. प्रेक्षक मुका आणि विक्रेता बोलका, अशी ही व्यवस्था. तिच्यात कोट्यवधींच्या प्रसिद्धीचा सिनेमा रविवारपर्यंत पैसे वसूल करून निघून जाईल. मरेल तो ज्याच्याकडे प्रसिद्धीला पैसे नाहीत तो.

मराठी सिनेमाला तर हे सांगायला नको. मल्टिप्लेक्समध्ये सकाळी साडेनऊचा किंवा रात्री उशिराचा खेळ मिळायचा, आणि सोमवारपर्यंत खुर्च्या भरल्या नाहीत तर तोही जायचा. अशा सिनेमाला मुरायला वेळ कुठून आणायचा? त्याला वाचवते ती माउथ पब्लिसिटी, आणि तीही शुक्रवार-शनिवारीच हवी. केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ रोजी लागला. ज्या बायका पहिल्या खेळांना गेल्या त्यांनी घरी येईपर्यंत बहिणीला, नणंदेला, भिशीच्या ग्रुपला कळवले होते. पुढचे खेळ नऊवारी नेसून, गॉगल लावून आलेल्या घोळक्यांनी भरले. त्या बायकांनी ४८ तास मौन पाळले असते तर? त्यांच्या ‘जाच गं’मध्ये पटकथेचे विश्लेषण नव्हते हे मान्य. सिनेमाही काही निर्दोष नाही. मला तो अधूनमधून फारच उपदेशी वाटला. पण आपल्यासारख्या बाईला दोन तास कुणीतरी मध्यभागी बसवले आहे, ही बातमी त्यांनी पोचवली, आणि ती बातमी खरी होती. तेव्हा कुठल्या निर्मात्याने ‘लोक घाईने बोलतात’ अशी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. चार तारे मिळाले की ते पोस्टरवर छापायचे, दीड मिळाला की न्यायालयात जायचे!

जुना दाखला हवा तर ‘शोले’. १५ ऑगस्ट १९७५ला लागला तेव्हा समीक्षकांनी त्याला थंडच घेतले होते, आणि व्यापारातली मंडळीही तो पडला असे धरून चालली होती. पाहून आलेल्यांनी पाहायला न गेलेल्यांना संवाद म्हणून दाखवले, आणि तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक चालला. उलटा दाखलाही देतो, नाहीतर पूर्वपक्ष देईलच. १९५९ साली ‘कागज के फूल’ लोकांनीच पाडला. प्रेक्षक चुकतो. समीक्षकही चुकतो. चुकण्याचा हक्क एकालाच राखून ठेवण्याचे कारण मला सापडत नाही.

आता आकडा. इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते: एका माणसाने दिलेले गुण, आणि हजारोंच्या गुणांची सरासरी. पहिल्याला माणूस आहे, कारण आहे, मूड आहे. दुसरीला यातले काही नाही. शंभर जणांनी तीन-तीन तारे दिलेला सिनेमा, आणि पन्नास जणांनी पाच व पन्नास जणांनी एक दिलेला सिनेमा, या दोन्हींची सरासरी तीनच येते. पहिला बहुधा प्रवासात पाहून विसरण्यासारखा असेल, दुसऱ्यावरून घरात भांडणे होतील. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी याहून फसवी, कारण ती गुणांची नसून होकारांची आहे. प्रत्येक समीक्षकाने ‘ठीक आहे, चालेल’ म्हटले की शंभर टक्के!

सरासरीत झुंडही लपते. ‘गुंडे’ (२०१४) या हिंदी सिनेमाच्या सुरुवातीच्या निवेदनात बांगलादेशाचा जन्म म्हणजे भारत-पाक युद्धाची निष्पत्ती, असे चित्र आले. आपला मुक्तिसंग्राम पुसला गेला म्हणून बांगलादेशी तरुण संतापले आणि आयएमडीबीवर हजारोंनी एक-एक गुण देऊन त्यांनी तो सिनेमा जगातला सर्वांत वाईट ठरवला. ‘गुंडे’ सामान्य आहे, पण जगातला सर्वांत वाईट? अहो, त्याच महिन्यात त्याला स्पर्धा असेल. तो राग मात्र रास्त होता. त्या मतांमागची कारणे एकेक करून वाचणाऱ्याला एका देशाची जखम कळली असती. सरासरी पाहणाऱ्याला फक्त एक हास्यास्पद आकडा दिसला. कारण वगळून आकडा ठेवला, बिघाड तिथे झाला.

यावर उपाय फ्रेंचांनी पन्नाशीच्या दशकातच करून ठेवला होता. ‘काइये दु सिनेमा’ हे मासिक नव्या सिनेमांचा एक तक्ता छापू लागले: उभ्या रकान्यांत दहा समीक्षकांची नावे, आडव्या ओळींत सिनेमे, चौकटीत तारे. ‘जायची तसदी घेऊ नका’ यासाठी काळा ठिपका. एकाच ओळीत एकाचे चार तारे आणि शेजारी दुसऱ्याचा काळा ठिपका, असे बिनदिक्कत छापले जाई. दोन-चार अंक वाचले की वाचकाला कळे, अमक्याला आवडले की आपल्याला हमखास आवडते, तमक्याने ठिपका दिला की जायलाच हवे. प्रत्येक मित्रमंडळात हेच चालते. ‘त्याला आवडला? मग मी नाही जात’ हा अतिशय तयार प्रेक्षकाचा शेरा आहे.

तारे देणारा दरवेळी दुसऱ्यासाठीच देतो, हेही गृहीत धरू नये. बँकेतून निवृत्त झालेले एक परिचित रेघा आखलेली वही ठेवतात: तारीख, सिनेमा, थिएटर, सोबत कोण, दहापैकी गुण, शेवटी एक ओळ. मी ती चाळली आहे. ‘शान: पाच. एसी उत्तम.’ ‘मासूम: सात’, मग सातावर काट आणि नऊ, बाजूला वेगळ्या शाईत ‘बाप झाल्यावर पुन्हा पाहिला’. कलाकृती मुरावी लागते म्हणणाऱ्यांनी ही काट पाहावी. सिनेमा मुरला, तो आधी घाईने सात दिले होते म्हणूनच कळले.

शेवटचा आक्षेप उरतो: सामान्य प्रेक्षक अवघड सिनेमाला कमी गुण देऊन ठार मारतो. अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची कंपनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून पहिल्या दिवशी थिएटरबाहेर पडणाऱ्यांना श्रेणी विचारते, ‘ए प्लस’पासून ‘एफ’पर्यंत. ‘एफ’ फार थोड्यांना मिळाला आहे. त्यांत स्टीव्हन सोडरबर्गचा ‘सोलारिस’ (२००२) आहे आणि डॅरन अ‍ॅरोनोफ्स्कीचा ‘मदर!’ (२०१७) आहे, दोन्ही गंभीर दिग्दर्शकांचे. हा प्रेक्षकांच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून नेहमी पुढे येतो. पण जॉर्ज क्लूनीची अंतराळातली प्रेमकथा म्हणून ‘सोलारिस’ विकला गेला, आणि तिकीट काढून आत गेलेल्यांना मिळाले ते मृत पत्नीच्या स्मृतीवरचे संथ, कोंडलेले चिंतन. ‘मदर!’च्या बाबतीत भयपटाचे आश्वासन होते आणि आत बायबलचे रूपक. त्या रात्री बाहेर आलेल्यांनी गुण दिले ते सिनेमाला कमी आणि ट्रेलरला अधिक. तो ‘एफ’ मार्केटिंग विभागाच्या प्रगतिपुस्तकावर चढवायला हवा होता.