निषेध कोणी करायचा?

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात धंतोलीच्या यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघत आले आहेत. ‘निषेध असो’ ही घोषणा त्यामुळे इथल्या कानांना सवयीची. पण १९५६ पर्यंत हिंदी-मराठी मुलखाची राजधानी राहिलेल्या नागपुरात दुसराही निषेध भेटतो, हिंदी पाट्यांवर : ‘प्रवेश निषेध’, ‘धूम्रपान निषेध’. तिथे कुणी घोषणा देत नसतो. ती नुसती मनाई असते.

या दोहोंत पाटीवरचा अर्थ जुना. मीमांसकांनी शास्त्रवचनांची वाटणी केली, तेव्हा ‘हे करावे’ तो विधी आणि ‘हे करू नये’ तो निषेध ठरला. मराठीतल्या ‘निषिद्ध’ने तो अर्थ अजून सोडलेला नाही. म्हणजे मुळात निषेध करी तो अधिकारी. सभा, ठराव आणि वृत्तपत्रांच्या काळात मात्र हे क्रियापद अधिकार नसलेल्यांच्या तोंडी आले. त्यांना मनाई करता येत नाही. ‘हे आम्हाला मान्य नाही’ एवढे चारचौघांत सांगता येते.

हे दोन्ही निषेध नागपुरात समोरासमोर उभे ठाकले. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात राष्ट्रध्वज घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला सरकारची मनाई होती. ती मोडून शेकडो स्वयंसेवक तुरुंगात गेले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आदिवासी म्हणून मान्यता मागणारा गोवारी समाजाचा मोर्चा विधान भवनाच्या वाटेवर अडवला गेला. चेंगराचेंगरीत ११४ जणांचे प्राण गेले. त्यांत बायका-मुले बहुसंख्य होती.

निंदा पाठीमागेही करता येते. धिक्कारात तिरस्कार असतो. निषेध मात्र समोर उभे राहून करायचा असतो आणि समोरच्याने ऐकावे ही अपेक्षा त्यात असते. हल्ली निषेधाचा ठराव दोन मिनिटांत होतो, चहाही निवत नाही. शब्द दुबळा झाला म्हणून त्याला ‘जाहीर’, ‘तीव्र’ अशा काठ्या द्याव्या लागतात. त्यापेक्षा त्याचा जुना अर्थ आठवावा. ‘हे थांबले पाहिजे’ असे ज्याला म्हणायचे आहे, आणि नेमके काय थांबले पाहिजे हे ज्याला सांगता येते, त्याच्या निषेधाला विशेषण लागत नाही.