प्रवासी जलवाहतूक, मुंबई बंदरातील

मुंबई बेट व त्याच्या पूर्वेकडील आणि दक्षिणेकडील मुख्य भूमी यांदरम्यान चालणारी प्रवासी नौकांची वाहतूक. पुण्याच्या मुळा-मुठा या नद्या उथळ, खडकाळ पात्राच्या व मुख्यत्वे पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या असल्यामुळे त्यांवर अशा वाहतुकीस फारसा वाव नव्हता. तथापि लोहमार्गापूर्वीच्या काळात पुण्याहून मुंबईस जाणाऱ्याचा अखेरचा टप्पा बहुधा पाण्यावरूनच होई. बोरघाट उतरून खोपोलीमार्गे पनवेल गाठावे आणि तेथून होडीने अथवा मचव्याने मुंबईस जावे, असा हा मार्ग होता. वल्ही व शिडे यांवर चालणाऱ्या या नौकांचे वेळापत्रक भरती-ओहोटी व वारा ठरवीत. ओहोटीच्या वेळी पनवेलच्या खाडीत पाणी कमी असल्याने प्रवाशांना खोळंबून राहावे लागे.

बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि या मार्गावरील वर्दळ वाढली. पुढे लोहमार्ग १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला. खंडाळा–पुणे हा भाग १८५८ मध्ये, तर घाटातील मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्यानंतर पुण्याच्या प्रवाशाला नौकेची गरज उरली नाही. अलिबाग, रेवस, उरण व कोकणातील बंदरे मात्र लोहमार्गापासून दूर राहिल्याने तेथील जलवाहतूक टिकून राहिली. बाष्पनौकांमुळे तिचा विस्तारही झाला. भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला भाऊचा धक्का हे तिचे एक प्रमुख केंद्र बनले.

सोयीबरोबर धोकाही होता. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात उलटली व सहाशेंहून अधिक प्रवासी बुडाले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नसल्यामुळे मुंबईस ही वार्ता उशिरा कळली; अनेकांना वाचविले ते जवळपास असलेल्या कोळ्यांच्या होड्यांनी. पावसाळ्यात प्रवासी नौका चालवाव्यात की नाही, हा प्रश्न या दुर्घटनेमुळे ऐरणीवर आला. आजही गेटवे ऑफ इंडिया येथून सुटणाऱ्या लहान नौका पावसाळ्यात बंद ठेवल्या जातात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे खाडीवरील पूल, राष्ट्रीय महामार्ग आणि १९९८ मधील कोकण रेल्वे यांमुळे जलवाहतुकीचे महत्त्व घटले. १२ जानेवारी २०२४ रोजी सुमारे २१.८ किमी. लांबीचा अटल सेतू खुला झाला. तरीही मांडव्यास जाण्यासाठी खुष्कीच्या मार्गाने मोठा वळसा पडत असल्याने २०२० मध्ये भाऊचा धक्का–मांडवा ही प्रवासी व वाहने नेणारी सेवा सुरू झाली. घारापुरी बेटास तर नौका हेच मुख्य साधन आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस जाणाऱ्या ‘नीलकमल’ नौकेस नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून १५ जणांचा मृत्यू झाला आणि जीवनरक्षक जाकिटे व प्रवासीसंख्येची मर्यादा यांचा प्रश्न पुन्हा पुढे आला. जेथे पूल झाला तेथे नौका मागे पडली. जेथे पाणी आडवे राहिले तेथे ती टिकली, असा या वाहतुकीचा इतिहास आहे. टिकलेल्या या मार्गांवर प्रवाशांच्या सुरक्षिततेची जबाबदारी आजही तितकीच मोठी आहे.