त्रैराशिक

त्रैराशिक : तीन ज्ञात राशींवरून, त्यांच्याशी प्रमाणाने निगडित असलेली चौथी अज्ञात राशी काढण्याची अंकगणितातील रीत. किराणा, मजुरी, प्रवास, व्याज इत्यादी नित्य व्यवहारांवर शाळेत जी शाब्दिक उदाहरणे घातली जातात, त्यांपैकी पुष्कळांचा उलगडा उघडपणे वा आडून याच रीतीने होतो.

आर्यभटाने 499 च्या सुमारास आर्यभटीयाच्या गणितपादात सांगितलेली ही रीत ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तातही (628) आढळते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) तिचे सोदाहरण विवरण आहे. तीन राशींची नावे प्रमाण, फल व इच्छा. प्रमाण आणि इच्छा सजातीय असल्याने त्या दोन टोकांस मांडाव्यात, विजातीय फल मध्ये ठेवावे, आणि फलास इच्छेने गुणून प्रमाणाने भागावे, म्हणजे इच्छाफल येते. अडीच पले केशर 3/7 निष्कास मिळते, तर 9 निष्कांस किती, या लीलावतीतील प्रश्नाचे उत्तर 52 पले 2 कर्ष, म्हणजे साडेबावन्न पले, असे आहे. येथे केशर आधी उच्चारलेले असले तरी प्रमाण व इच्छा ही पदे निष्कांकडे जातात, हे ज्याच्या ध्यानी आले त्याचे निम्मे काम झाले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने खानदेशात चाळीसगावनजीक पाटण येथे मठ स्थापल्याचे तेथील शिलालेखावरून (1207) कळते.

शाळेत हीच रीत बहुधा एकमान पद्धतीच्या रूपाने शिकवितात. 5 शेर तुरीच्या डाळीस 3 रुपये 2 आणे पडतात, तर अडीच मण डाळीस किती पडतील, हे उदाहरण घेतल्यास प्रथम काय दिले आहे आणि काय विचारले आहे हे दोन निराळ्या ओळींत लिहावे. नंतर एकके समान करावीत, म्हणजे 16 आण्यांच्या रुपयाने रक्कम 50 आणे, आणि 40 शेरांच्या मणाने माल 100 शेर. एका शेराचा दर 10 आणे, म्हणून 100 शेरांस 1000 आणे, अर्थात 62 रुपये 8 आणे. ताळा दुसऱ्या वाटेने घ्यावा : 100 शेर ही 5 शेरांची वीसपट, आणि 3 रुपये 2 आण्यांची वीसपट 60 रुपये व 40 आणे, म्हणजे तीच रक्कम. पहिलीच वाट पुन्हा चालून घेतलेल्या ताळ्यात पहिलीच गफलत पुन्हा होण्याचा संभव असतो.

इच्छा वाढली असता फल घटत असेल, तर व्यस्त त्रैराशिक होते. 12 गवंडी एक भिंत 15 दिवसांत बांधतात, तर तशीच भिंत 20 गवंडी किती दिवसांत बांधतील, या प्रश्नास आकडे पाहताच गुणाकार-भागाकार करू लागणारा विद्यार्थी 25 दिवस हे उत्तर देतो. माणसे वाढून मुदतही वाढावी यातील विसंगती त्यास खटकत नाही, कारण त्याने वाक्य वाचलेलेच नसते. वास्तविक येथे 12 ला 15 ने गुणून 20 ने भागावयाचे असून उत्तर 9 दिवस आहे. उत्तर दिलेल्या संख्येहून मोठे येणार की लहान, हे लेखणी उचलण्यापूर्वी तोंडी सांगावयास लावणारा शिक्षक वहीभर नियम उतरवून घेणाऱ्या शिक्षकाहून अधिक शिकवितो. पाच व सात राशींची उदाहरणे अनुक्रमे पंचराशिक व सप्तराशिक या नावांनी ओळखली जातात, तत्त्व तेच.

मात्र प्रमाणच नसेल तेथे ही रीत लागू पडत नाही. एक धोतर उन्हात तासाभरात वाळते, तर दोरीवर शेजारी शेजारी घातलेली दहा धोतरे किती वेळात वाळतील, हा प्रश्न त्रैराशिकाच्या पोशाखात आला तरी त्रैराशिकाचा नव्हे. असे एखादे उदाहरण क्रमिक पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणात मुद्दाम पेरलेले असावे. एकाच रीतीची वीस उदाहरणे ओळीने छापण्याच्या प्रघाताने रीत ओळखण्याचे काम मुलाकडे उरतच नाही.

1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 नवे पैसे झाले आणि पुढे शेर-मणांची जागा किलोग्रॅमने घेतली, त्यामुळे एकके समान करण्याचा खटाटोप पुष्कळ कमी झाला. तथापि तास, मिनिटे व सेकंद यांची साठीची विभागणी कायम असल्याने काळ, काम व वेगाच्या उदाहरणांत ती पायरी वगळता येत नाही.