चिनी मातीची चहादाणी आणि विटाळाची कल्पना : खानदेशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वस्तूचा इतिहास हा तिच्या निर्मितीचा जसा असतो, तसाच ती हाताळणाऱ्या समाजाचाही असतो. युरोपीय पोर्सलीनची चहादाणी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. द्रव न शोषणाऱ्या या भांड्याला मराठी समाजात विटाळ कसा चिकटला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्मिती :
पोर्सलीनचे तंत्र युरोपला दीर्घकाळ अज्ञात होते. ‘चिनी माती’ हे मराठी नावही त्याच्या मूळ भूमीची साक्ष देते. इ. स. १७०८ च्या सुमारास ड्रेस्डेन येथे चिर्नहाउस व ब्योटगर यांच्या प्रयोगांना यश आले आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना स्थापन झाला. कालांतराने रूढ झालेल्या पद्धतीत केओलीन, फेल्डस्पार व गारगोटी यांचा पातळ लगदा प्लास्टरच्या साच्यात ओततात. साचा पाणी शोषून घेतो व भांड्याची भिंत तयार होते. तोटी व कान स्वतंत्र घडवून लगद्यानेच जोडतात. तोटीच्या मुळाशी असलेली बारीक छिद्रे चहाची पाने अडवतात. झाकणातील छिद्रातून हवा आत जात असल्याने धार अखंड राहते. पहिल्या भाजणीनंतर झिलई देऊन सुमारे १४०० अंश सेल्सिअसला पुन्हा भाजले असता माती काचेसारखी एकजीव होते. इंग्लंडमध्ये जोसाया स्पोड यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या ‘बोन चायना’मध्ये जवळजवळ निम्मा भाग गुरांच्या हाडांच्या राखेचा असतो.

खानदेश आणि विटाळ :
इ. स. १८१८ मध्ये खानदेशात इंग्रजी अंमल आला आणि १८६० च्या दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोहोचली. पुढील काळात चहाबरोबर किटली व कपबशीही परिचयाच्या झाल्या. परंपरागत आचारानुसार धातूचे भांडे घासून अथवा तापवून शुद्ध करता येते. मातीचे मात्र टाकून द्यावे लागते. झिलईदार भांडेही रूढीने मातीतच गणले. तथापि, लोणच्याची चिनी मातीची बरणी सोवळ्याचे कडक नियम पाळणाऱ्या घरांतही नांदली. बरणीचा प्रकार पोर्सलीनहून जाडाभरडा असला, तरी तीही भाजलेली, झिलई दिलेली मातीच होय. यावरून आक्षेप पदार्थावर नसून देणाऱ्या हातावर होता, हे उघड होते.

ऑक्टोबर १८९० मधील पुण्याच्या पंचहौद मिशनचे चहा प्रकरण याची साक्ष देते. तेथे चहा घेणाऱ्यांत लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांची नावे प्रसिद्ध झाली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि पुढे दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. उच्चवर्णीयांना असा परतीचा मार्ग तरी उपलब्ध होता. अस्पृश्य मानलेल्यांसाठी मात्र वळचणीला वेगळी, बहुधा कान तुटलेली कपबशी ठेवली जाई आणि ती त्यांनीच धुवावी, अशी अपेक्षा असे.

निष्कर्ष :
ज्या झिलईतून थेंबही आत झिरपत नाही, तिच्यात विटाळ मुरतो अशी समजूत समाजाने जोपासली. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या कलम १५ (२) ने सार्वजनिक उपाहारगृहांतील प्रवेशावरील जातीय निर्बंधांस मनाई केली, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण दंडनीय ठरविले. कपबशीचा इतिहास लिहिताना वळचणीच्या कपबशीची नोंद वगळली, तर तो इतिहास अपुरा राहील.